दहाव्या मण्यानंतरची शांतता

१२ ऑगस्ट

येशूची शांती.

चि. धाकट्यास दादाचे अ. आ., वि. वि.

आधी सगळ्यांची तब्येत, मग बाकीचं. तुझ्या मंडळींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना त्या कठड्याऐवजी तुलाच धरतात असं तू लिहिलं होतंस. धरू दे, तेवढ्यासाठी तरी तुझा उपयोग आहे. मुलीची डोकेदुखी थांबली का, की अजून चष्म्याला नको म्हणते? जावईबापूंची पाठ? नातीचे पुढचे दोन दात पडले होते ते आले असतील. आणि तुझा खोकला? इतकी वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, रंगाचा वास छातीत बसला असणार. खिडकी उघडी ठेवून काम करत जा, हे मी वीस वर्षं लिहितोय आणि तू वीस वर्षं बरं म्हणतोयस.

इकडे तुझ्या वहिनीला कमी ऐकू येतं, पण तिच्याबद्दल बोललेलं मात्र तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. मला साखर निघाली आहे. डॉक्टर चालायला सांगतात. मी म्हटलं, उभी हयात चालण्यात गेली, तीही उलटी. त्याला काही कळलं नाही. पोरगाच आहे तो, दोरखंडाचा कारखाना त्याने पाहिलेलाही नाही.

आता कामाचं. आपल्या बंधुसंघाच्या जपमाळेला ऑक्टोबरात सत्तर वर्षं होतात. संघाने एक पुस्तिका काढायचं ठरवलं आहे आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर वाचून शिकलो, हे मी त्यांना सांगितलं. संघाच्या चिटणीस एक शाळामास्तरीण आहेत (हो, आता बायकाही संघात आहेत, आणि त्या आल्यापासून सभा वेळेवर सुरू होते). त्या म्हणाल्या की तुम्ही आठवा तसं लिहा, टाइप मी करते. आठवणारे आता दोघे-तिघेच उरलोत, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

सुरुवात मी अशी केली आहे. लांब शेड. एका टोकाला पुरुषभर उंचीचं चाक, त्याला आकडे. आम्ही सुतवाले कमरेला ताग गुंडाळून, आकड्याला धागा अडकवून, उलट्या पावलांनी मागे मागे जायचो. चाक भरभर फिरलं तर धाग्याला जास्त पीळ बसायचा, हळू फिरलं तर धागा ढिला. त्यावरून आमच्या आधीच्या काळात चाकवाले आणि सुतवाले यांची रोज जुंपायची. मग जुन्या मुकादमांनी युक्ती काढली. सगळ्यांनी मिळून मोठ्याने जपमाळ म्हणायची. नमो मरिये ही छोटी प्रार्थना दहा वेळा म्हणजे धाग्याची एक लांबी. चाक त्या चालीवर, पावलं त्या चालीवर, दहावी संपली की चाक थांबलं. भांडणं गेली आणि भक्ती आली. त्या वेळचे फादर रागावले होते की प्रार्थना म्हणजे काय मोजपट्टी आहे? मुकादम त्यांना म्हणाले, आमच्या दोरावर जहाजाचा नांगर लटकतो आणि नांगरावर माणसं. शिट्टीने मोजलेल्या दोरापेक्षा प्रार्थनेने मोजलेला बरा. फादर दुसऱ्या आठवड्यापासून स्वतः येऊन प्रार्थनेची उत्तरं द्यायला लागले. त्यातूनच संघ उभा राहिला.

कारखाना बंद झाला तरी आम्ही चर्चच्या सभागृहात दर बुधवारी तसेच दोन रांगांत उभे राहतो आणि एकेका नमो मरियेला एकेक पाऊल मागे जातो. नव्या लोकांना वाटतं ही नम्रता आहे, माउलीकडे पाठ करायची नाही म्हणून. आमचे नवे दंतवैद्य पहिल्याच बुधवारी मागच्या खुर्च्यांवर आडवे झाले. त्यांच्या दाताला काही झालं नाही, हे नशीब.

एवढं जमलं. अडलं ते एका ठिकाणी. दहावी नमो मरिये झाली की आपण गप्प राहतो, आणखी एक नमो मरिये मावेल इतका वेळ. मगच पुढचं. मास्तरीणबाईंनी लिहून टाकलं होतं की ही शांतता दिवंगत बंधूंसाठी आहे. मी खोडलं, कारण ते तसं नाही. पण मग कसं आहे, हे लिहायला बसलो की पेन थांबतं. मोठ्या आवाजात जपमाळ सांगणाऱ्या आपल्या भोंग्याला अपघात झाला, त्यानंतर ती सुरू झाली, एवढं मला ठाऊक आहे. त्या दिवशी चाकावर तू होतास. त्यानंतर आठवड्याभरात तू गाव सोडलंस आणि आपण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. आपल्या घरात विचारण्यापेक्षा ताट वाढायची पद्धत. आता विचारतो. तुला जे आठवतं ते लिही. नको असेल तर तसं लिही, मी ते पान कोरं सोडेन.

माया आहे तशीच ठेव.

तुझा
दादा


२८ ऑगस्ट

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तब्येतीचं आधी सांगतो. मंडळींचा गुडघा जैसे थे. मुलीने चष्मा केला आणि आता घरातली धूळ तिला दिसायला लागली, त्यामुळे डोकेदुखी आमच्याकडे आली. पाठ, दात, खोकला, सगळं ठीक. तू चालत जा. सरळ चाल, म्हणजे डॉक्टरला कळेल.

सुरुवात तू छान लिहिली आहेस. एक भर घाल. मुकादम चाकवाल्याला जपमाळ हातात धरू देत नसत. दोन्ही हात चाकाच्या मुठीवर पाहिजेत, मोजायचं ते डोक्यात, असा त्यांचा नियम होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तू कोरं पान सोडू नकोस. शांततेबद्दल खरं ते लिही. लिही की तुझ्या भावाचं मोजणं चुकलं.

भोंगा आकड्यांपाशी उभा राहून अर्धी प्रार्थना म्हणायचा आणि तुम्ही सगळे मागे जात जात उरलेली अर्धी म्हणायचात. मी चाकाच्या पाठीमागे. मला त्याचे हात दिसत नसत, फक्त आवाज. दहाव्या आमेनला मी मूठ सोडायची, चाक थांबायचं आणि मग त्याने आकड्यांवरून धागे उतरवायचे. त्या दिवशी चौथं रहस्य, म्हणजे दहाची चौथी फेरी, चाललं होतं. माझं लक्ष कुठे होतं ते मला माहीत आहे. आईच्या दवाखान्याचा विचार करत होतो. आमेन झालं, मला वाटलं नववं. ते दहावं होतं. मी पुढच्याची वाट बघत चाक फिरवत राहिलो. पुढची नमो मरिये आलीच नाही, किंकाळी आली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी दवाखान्याच्या दारापर्यंत तीनदा गेलो, आत गेलो नाही. मग इकडे निघून आलो.

पुढचं तुला सांगितलेलं नाही. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा मी आलो होतो. संघाची माणसं घरी जपमाळेला आली. पहिलं दशक, पहिल्या दहा नमो मरिये, झालं आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं कुणीतरी विसरलं. दुसऱ्या दशकानंतर पुन्हा तसंच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माझ्यासाठी ठेवलेली जागा आहे. मी जास्तीचं फिरवलेलं चाक तुम्ही सगळे दर दशकाला आठवता. पाचही वेळा मी मान खाली घालून बसलो. तुला वाटलं आईसाठी रडतोय. आईच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, न थांबता निघून गेलो, त्यावर तू रागावून लिहिलं होतंस, तेव्हा मी दुकान उघडायचं कारण दिलं. तेव्हापासून मी जपमाळ एकट्याने म्हणतो. मणी हातात घट्ट धरून, एकेक मणी दोनदा चाचपून. माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही.

संघाला दोष देत नाही. शिक्षा योग्यच होती. फक्त पुस्तिकेत ती दिवंगतांच्या नावावर घालू नका. मी अजून आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


९ सप्टेंबर

येशूची शांती.

चि. धाकट्यास अ. आ.

या वेळी तब्येती विचारत नाही, पुढच्या पत्रात दुप्पट विचारेन.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं, मोठ्याने, म्हणजे शेजारच्यांनाही समजलं असेल. वाचून झाल्यावर ती म्हणाली, तुम्ही दोघं भाऊ एका आईचे शोभता, मूग गिळून एकतीस वर्षं बसलात. मग मला चप्पल घालायला लावली आणि भोंग्याकडे पिटाळलं.

भोंग्याला तू आता ओळखणार नाहीस. ज्या आवाजाने अख्खी शेड चालायची तो आवाज बसला आहे. घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणतात आता फार काही करण्यासारखं नाही. कुजबुजतो, तेही दमून दमून. बुधवारी त्याची सून त्याला चाकाच्या खुर्चीतून आणते. तो पहिल्या रांगेच्या टोकाला बसतो आणि त्याला उलटं चालवायचा मान दंतवैद्यांना आहे. आता ते पडत नाहीत.

मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, सून धावत आली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला काही भलतं खायला घातलं. मग तो रडला. मग त्याने मला जे सांगितलं ते ऐक.

त्याच्या मते ते नववं आमेन होतं. तो म्हणतो, म्हणणारा मी होतो, मोजायची जबाबदारी पहिली माझी. सकाळपासून त्याला ताप होता, लवकर संपवून बसावंसं वाटत होतं. नववं झालं, त्याला दहावं वाटलं, आणि चाक थांबायच्या आधीच त्याने हात घातला. चाकवाला बरोबर होता, असं तो दवाखान्यात पहिल्या दिवसापासून डॉक्टर-नर्सना सांगत होता, मी कधी विचारलंच नाही. तू आत गेला असतास तर तुलाही सांगितलं असतं. तू गाव सोडून गेलास तेव्हा त्याला वाटलं, आपण चाकवाल्याच्या माथी आपल्या बोटांचं पाप मारलं, म्हणून तो तोंड दाखवत नाही. तुझा पत्ता त्याने माझ्याकडे दोनदा मागितला होता. मी दिला नाही. मला वाटलं तो तुला जाब विचारणार. हे माझ्या नावावर मांड.

आणि ती शांतता. ती त्याने सुरू केली, दोन महिन्यांनी कामावर परत आला तेव्हा; कारण त्याने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. शिक्षा वगैरे काही नाही रे. दहावं म्हणून झालं की एका नमो मरियेइतकं थांबायचं. म्हणजे मोजणाऱ्याचं एक इकडे तिकडे झालं असलं तरी चाक थांबलेलं असेल आणि मगच हात आत जाईल. पुन्हा कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून. त्यानंतर कारखाना बंद होईपर्यंत एकाचंही नख गेलं नाही. सभागृहात ना चाक ना आकडे, तरी आम्ही थांबतो, कारण थांबायची सवय लागली. तू ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलास. ज्याला त्याला आपापलं ओझं दिसतं म्हणतात, तू तर दुसऱ्याचं छत्र ओझं समजून वाहिलंस.

आता माझं. नववं होतं की दहावं, हे मी सांगायला हवं, कारण मी रांगेतच होतो, अठ्ठाविसांपैकी एक. रात्रंदिवस आठवून पाहिलं. मला माहीत नाही. मी मोजत नव्हतो. भोंगा मोजतोय, चाकवाला मोजतोय, आपण उत्तर द्यायचं आणि मागे जायचं, एवढंच. संघातल्या उरलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. म्हणून मी पुस्तिकेत एक वाक्य लिहिलं आहे: त्या दिवशी म्हणत सगळे होते, मोजत कुणीच नव्हतं, तेव्हापासून आपण सगळे मिळून थांबतो. मास्तरीणबाईंनी ते टाइप केलं आणि चष्मा पुसत बसल्या. तुला चालत असेल तरच छापू.

भोंग्याने तुला चिठ्ठी लिहिली आहे. एवढ्या ओळींना त्याला दोन दिवस लागले, म्हणून सावकाश वाच. सोबत जोडतो.

तुझ्यावरची माया पूर्वीसारखी आहे असं लिहिणार होतो. ती वाढली आहे.

तुझा
दादा


(सोबतची चिठ्ठी)

चाकवाल्यास भोंग्याचा रामराम नव्हे, येशूराम.

अक्षर वाकडं आहे, ते तुझ्यामुळे नाही. पहिल्यापासून असंच.

नववं होतं. वाद घालू नकोस. घालायचा असेल तर इथे येऊन घाल, मला आता ओरडता येत नाही, तू जिंकण्याची शक्यता आहे.

तू दवाखान्याच्या दारात तीनदा आलास हे मला आज कळलं. मी दाराकडे तोंड करून झोपायचो. नर्सला वाटायचं मला उजेड आवडतो.

बायको, पोरं, सून, सगळी चांगली निघाली. दोन बोटांविना काही अडलं नाही. घास घेता आला, सही करता आली, नातवाचा कान पिळता आला. फक्त एक अडतं. जपमाळ मला बोटांवर मोजायची सवय आणि बोटं आठच उरली. दहाला दोन कमी पडतात. ती तुझी लागतील.

सून म्हणते डॉक्टरने ऑक्टोबर दाखवला आहे. नोव्हेंबरचं नाव तो काढत नाही. तेव्हा बघ.

भोंगा


२१ सप्टेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि भोंग्याची चिठ्ठी पोचून नऊ दिवस झाले. मी मोजतोय, हे तुझ्या लक्षात येईल.

चिठ्ठी मी दुकानात वाचली. एक बेकरीवाला पाटीसाठी समोर बसला होता. त्याच्या पाटीवर मी 'बेकरी' लिहायच्या ऐवजी कितीतरी वेळ नुसता पांढरा रंग देत राहिलो. भला माणूस. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला.

घरी गेल्यावर जेवणं झाली आणि मी मंडळींना म्हटलं की आज जपमाळ दोघांनी मिळून म्हणू. त्यांना नवल वाटलं. लग्न झाल्यापासून मी एकट्याने म्हणतो, तोंड भिंतीकडे करून, आणि त्या बिचाऱ्या समजत होत्या की मला कुणाचा व्यत्यय चालत नाही. पहिलं दशक झालं. मी मणी खाली ठेवले आणि थांबलो. तुम्ही थांबता तेवढंच. त्यांनी हळूच विचारलं की पुढचं रहस्य आठवत नाही का. तेव्हा सगळं सांगितलं. चाक, आमेन, दवाखान्याचं दार, आईच्या वेळची ती पाच दशकं. इतक्या वर्षांचा संसार, दादा, आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की भिंतीला सांगत होतात ते मला सांगायचं होतंत. मग उरलेली चार दशकं आम्ही म्हटली. त्या म्हणत होत्या आणि मी मोजत होतो, मग मी म्हणत होतो आणि त्या मोजत होत्या. प्रत्येक वेळी थांबलो. शांततेत मला कुणाचीही मान माझ्याकडे वळलेली वाटली नाही. पंखा फिरत होता, एवढंच.

तुझं वाक्य छाप. एक शब्द बदलू नकोस. मला ते वाचायला फार वेळ लागला, कारण पहिल्यांदा मला राग आला. इतकी वर्षं जी चूक माझी म्हणून सांभाळली ती तू अठ्ठावीस जणांत वाटून टाकलीस. असं वाटलं की माझ्याकडचं काहीतरी काढून घेतलंस. मग मंडळी म्हणाल्या, घेऊ द्या, कपाटात जागा होईल.

पत्त्याचं मी तुझ्या नावावर मांडत नाही. तो मागत होता हे तू सांगितलं असतंस तरी मी तेव्हा आणखी लांब गेलो असतो. 

भोंग्याला सांग, नववं होतं हे मी मानलेलं नाही. दहावंच होतं, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगणार आहे. त्याने सुनेकडून थोडं खाऊन पिऊन तयार राहावं. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी मी येतो. मंडळीही येतात. पुढे उभं राहून म्हणायला मला लावू नका, आणि माझ्याबद्दल सभेत चार शब्द वगैरे बोलू नका. मास्तरीणबाईंना तेवढं आधीच सांगून ठेव, सभा वेळेवर सुरू करणाऱ्या बाईंची मला भीती वाटते. मी पहिल्या रांगेत भोंग्याच्या खुर्चीपाशी उभा राहीन. खुर्ची मागे न्यायची तर ती मी नेईन, दंतवैद्यांनी एक बुधवार सुट्टी घ्यावी. मोजायचं काम आमच्या दोघांचं.

जपमाळ किती वाजता सुरू होते, ते मात्र तू कुठेच लिहिलेलं नाहीस. सत्तर वर्षांचा इतिहास लिहिलास आणि वेळ राहिली. बसने आलो तर संध्याकाळी साडेपाचला पोचतो. उशीर झालाच तर तुम्ही थांबलेले असताना दार उघडायला नको, म्हणून विचारतो. शनिवारी तिकिटं काढायची आहेत, त्याआधी दोन ओळी लिहून पाठव.

तुझा
धाकटा